हवा जास्त, पेट्रोल कमी

नाही म्हणजे नाही! नजरेचा बिबा-गिबा मी बांधून देत नसतो. दारावर पाटी आहे, वाचता येते ना तुम्हाले? ‘लिंबू-मिरची काढूनच गाडी आत आणावी.’ माह्या हातची पाटी आहे, अक्षर तिरपं आहे पण विचार सरळ आहेत... होते. होते म्हणा. आता तुम्ही नवी गाडी घेऊन आले, पेढे घेऊन आले, अन् वरून म्हणता, ‘मिस्त्री, करडीच्या कैलाशच्या ट्रकले बांधला होता तसा एक बिबा आमच्याही गाडीले बांधून द्या’, तं मले सांगा, हे तुम्हाले कोणी सांगतलं? करडीवरूनच आलं ना? मले माहीतच होतं. बसा आता. त्या टायरवर बसा, तो साफ आहे. गाडीचं मंग पाहू. ही गोष्ट साऱ्या जिल्ह्यानं ऐकली आहे, पण उलटी ऐकली आहे, अन् सुलटी सांगाले मले तोंड नाही, म्हणून तुम्ही तिकडं पाहा, मी इकडं पाहून सांगतो.

तं तुम्हाले सांगतो, माही पोरगी गुड्डी करडीले दिली आहे, पुंडलिकरावच्या घरी. धानवाले लोक, तलावाखाली वावर, भरलेलं घर. माणसं चांगली. म्हणजे इवाई पुंडलिकराव चांगले, जवाई कैलाश तं गरीब गायच, अन् इहीनबाई, सुलोचनाबाई, त्याही चांगल्याच, फक्त त्यांच्या जिभेले... जाऊ द्या, पोरगी त्यांच्या घरात आहे. कैलाशले भाड्यानं चालवाले एक छोटा ट्रक पाहिजे होता. इवाई म्हणाले, ‘मिस्त्री, तुमच्या घरचा धंदा आहे, तुम्हीच पाहून द्या.’ झालं! माह्या छातीत हवा भरली. जुनाच, पण मजबूत ट्रक शोधला, पेट्रोलवाला, सीट उचलली का खाली इंजिन. सारा खोलला, सारा बसवला, अन् करडीले नेऊन इवायाच्या आंगणात उभा केला. अर्धी आळी जमली. शेजारची शकुबाई आली, एकटीच राहते बिचारी, ट्रकवरून हात फिरवला अन् म्हणे, ‘लय देखणी गाडी आहे बाप्पा.’ अन् मी? मी मिशीवर हात ठेवून म्हणलो, ‘इवाईबुवा, या गाडीनं एक दिवस जरी दगा दिला ना, तं हे मिशी उतरवून तुमच्या आंगणात ठेवीन.’

पाहू नका मिशीकडं. सांगतो ना.

तं थोडे दिवस गाडी वाऱ्यासारखी चालली अन् मंग एक दिवस जवायाचा फोन. आता कैलाशचा आवाज कसा, तं ताकात माशी पडली तरी ताकाची माफी मागल असा. ‘मामाजी... काही नाही... म्हणजे तसं काही नाही... गाडी बंद पडते.’ कवा पडते? ‘पाय काढला का पडते.’ अरे, पाय काढला का म्हणजे? ‘म्हणजे एक्सिलेटरवरून, मामाजी. उभी असली का थरथर कापते, अन् गप होते.’ म्हणलं घेऊन ये इकडं वरठीले, गॅरेजवर. आणली. तपासाची मशीन लावली तं मशीन म्हणते, लीन. लीन म्हणजे काय, तं इंजिनले वारा जास्त अन् जेवण कमी. गंजात तांदूळ मूठभर अन् पाणी हंडाभर टाकलं तं भात होईल का? नाही होत. तसंच. मी कैलाशच्या पाठीवर थाप मारली, म्हणलं, ‘जवाईबुवा, घाबरू नका, साधा रोग आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी!’

साधा रोग! पेट्रोलची जाळी बदलली. गाडी गेली, करडीले पोचली, बंद. हवेची जाळी धुतली, तिथला सेन्सर पुसला, प्लग नवे टाकले, बंद. पंप बदलला, पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, बंद! दरवेळी मशीन लावा, दरवेळी तेच, हवा जास्त, पेट्रोल कमी, हवा जास्त, पेट्रोल कमी, अन् मी दरवेळी दुसऱ्याच्या नावानं बोंब मारून राहिलो. आधी म्हणलं पेट्रोलमध्येच भेसळ आहे. मंग म्हणलं, जवाईबुवा, तुमचा पाय चुकीचा पडते. आता सांगा, माणसाचा पाय चुकीचा कसा पडल? तेही बिचारं ‘हाव मामाजी’ म्हणून बूट बदलून आलं! अन् शेवटी तं मी असंही म्हणलो, तुमच्या तलावाची हवा ओली आहे, ते या इंजिनले मानवत नाही. मी म्हणलो हे. ज्यानं पाटी लिहिली तो माणूस.

अन् एकदा जाता जाता कैलाश म्हणे, ‘मामाजी, ब्रेकही कडक लागून राहिला, पाय दाबून दाबून दुखते.’ मी म्हणलो, नवीन लायनर आहे, बसन हळूहळू. इथं कोणी जाणकार असल तं त्यानं आत्ताच कपाळावर हात मारला असल. कारण ब्रेकले जोर देणारी जी रबरी पाईप असते, ते येते इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यातून, अन् तिथं फट पडली तं तिकडून फुकटची हवा घुसते इंजिनात, अन् इकडं ब्रेक होते लाकूड. एकाच पाईपाचे दोन रोग! शिकाऊ पोरगाही सांगल. मी सारं इंजिन पाहिलं, तुम्हाले खरं सांगतो, नटाखालचा वायसर सुद्धा पाहिला. तेवढा मागचा कोपरा नाही पाहिला. हात तिकडं गेला का आपोआप वापस येऊन राहिला होता. काहून, ते सांगतोच.

पण तिकडं करडीत काय होऊन राहिलं होतं? गुड्डीले फोन केला तं म्हणे, ‘काही नाही बाबा, सारं बरं आहे.’ अन् मागून इहीनबाईचा आवाज, असा गोड, गुळात कारलं घोळल्यासारखा, ‘तुह्या बाबाले म्हण, गाडी लय चांगली दिली हो! आमचे हातपाय मोकळे झाले, रोज ढकलाले भेटते!’ अन् गाडी कोण ढकलत होतं, तं कैलाश आत, अन् मागून माही गुड्डी, पदर खोचून, साऱ्या आळीसमोर. मिशीचं जाऊ द्या हो, मिशी काय, पंधरवड्यात उगवते. पण पोरगी सासरी बापाच्या नावानं मान खाली घालून ट्रक ढकलते, हे बापाले कसं पचावं?

अन् आली मंडई! दिवाळी झाली का आपल्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, अन् त्या दिवशी करडीची होती, पाहुण्यांनी घर फुटून राहिलेलं, मीही नवा शर्ट घालून इवायाच्या ओसरीवर जेवाले बसलेलो. संध्याकाळी नाटक होतं, अन् नाटकाच्या स्टेजचं सामान आणाची जबाबदारी आपल्या कैलाशची, आपल्या ट्रकची. पहिला घास तोंडात, अन् एक जण पळत आला, गाडी तलावाच्या पाळीवर, बांधाच्या चढावर बंद पडली म्हणे! समोरून बैलबंडी आली, कैलाशनं गाडी हळू केली, पाय काढला, इंजिन गप, अन् चढावर गाडी मागं घरंगळली. ब्रेक दाबला तं लागतच नाही जसा! देवाची कृपा, मागं पळसाचं झाड होतं म्हणून अडकली, नाहीतं राजवाड्याच्या पडद्यासकट जवाई तलावात असता. दहा-वीस जणांनी ढकलत ढकलत आणून ट्रक आंगणात उभा केला. कैलाशचा चेहरा पांढरा. गुड्डी त्याच्याकडं पाहे, अन् मंग माह्याकडं पाहे. अन् इहीनबाई माह्या पानात भाजी वाढत म्हणते, ‘जेवा, जेवा, इवाईबुवा. गाडीचं काय, ते ढकलता येते.’

उठलो मी. हात धुतला. म्हणलं आज रोग काढल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. मशीन तं नव्हती तिथं, पण एक जुनी रीत आहे आम्हा मिस्त्री लोकांची, धुराची. इंजिन चालू ठेवाचं अन् पाईपांजवळून धूर फिरवाचा. जिथं फट असल तिथं इंजिन धूर ओढून घेते. तुम्ही घरी करू नका, पेट्रोलजवळ निखारा म्हणजे खेळ नाही, मीही टाकी झाकून, बाजूले ओलं पोतं ठेवून केलं. म्हणलं, ‘कोणी आगरबत्ती आणा गा!’ घरातली पाहुण्यांच्या गडबडीत सापडनाच. तं शेजारची शकुबाई धावत गेली अन् आपल्या देव्हाऱ्यातला पुडाच घेऊन आली, माचिससकट. अन् तिथंच उभी राहिली, पुडा हातात धरून. हे ध्यानात ठेवा.

सीट उचलली, एका हातानं इंजिन घोंघवत ठेवलं, दुसऱ्या हातानं आगरबत्ती ओवाळाले लागलो. साऱ्या आंगणातल्या पाहुण्यांनी पाहिलं तं एक म्हातारा हात जोडून म्हणते, ‘मिस्त्री आरती करून राहिला, म्हणजे गेली बाप्पा गाडी.’ दुसऱ्यानं तं टोपी काढली! मी कोणाकडं पाहिलं नाही. पुढच्या पाईपापाशी नेली, धूर सरळ वर. डाव्या बाजूले, सरळ वर. खाली, सरळ वर. उरला मागचा कोपरा. हात वापस येऊन राहिला होता हो, पण साऱ्यांच्या देखत वापस कसा घेऊ? नेला. अन् तो धूर... तो धूर असा वाकला, अन् नाकानं ओढावा तसा सटकन आत गेला. तिथं काय आहे ते त्या आंगणात मले एकट्यालेच माहीत होतं.

कैलाशनं पाहिलंच. ‘मामाजी, तिथं काहीतरी आहे!’ म्हणे, अन् हात घातला, अन् ओढून काढलं. काळ्या फडक्याची पुरचुंडी. आत लिंबू, वाळून दगड झालेलं, दोन-तीन मिरच्यांचे देठ, अन् एक बिबा. तारेनं पाईपाले आवळून बांधलेली. बिब्याचं तेल गरमीनं पाझरलं, माणसाच्या कातडीले सोडत नाही ते तेल, रबराले काय सोडते? पाईप मऊ पडली, अन् तार आत रुतत रुतत गेली. वेळेवर कोणी सांगावं, त्या कोपऱ्यात कोणी पाहिलंच नाही ना!

अन् सुलोचनाबाई, आवाज न चढवता, म्हणाल्या, ‘करणी आहे हे.’ अन् त्यांची नजर हळूहळू फिरली, अन् कुठं गेली, तं आगरबत्तीचा पुडा हातात धरून उभ्या असलेल्या शकुबाईवर. ‘देखणी गाडी आहे म्हणाली होती ना वो तू?’ बस, एवढंच. साऱ्या पाहुण्यांनी मान वळवली. एकटी म्हातारी, ना पुढं कोणी ना मागं कोणी, अन् गावानं एकदा असं नाव ठेवलं का मंग तिच्या हातचं पाणीही कोणी घेत नाही, विहिरीवर तिले पाहून बाया बाजूले होतात. तुम्हाले माहीत आहे. मलेही माहीत होतं.

ते पुरचुंडी मी बांधली होती. हाव, मी! पाटीवाल्या मिस्त्रीनं! गाडी देण्याच्या आदल्या दिवशी भंडाऱ्याच्या बाजारातून बिबा आणला, घरी बायकोले सांगतलं टाचेच्या भेगाले लावाचा आहे. पोरीच्या घरात नवी गाडी जाऊन राहिली, साऱ्या आळीचे डोळे लागतील, बापाचं काळीज आहे हो, तिथं पाटी कुठं टिकते? पण समोर बांधावं तं लोक हसतील, टिकाराम मिस्त्रीलेही लागते का बिबा म्हणतील. म्हणून आत बांधली, मागच्या कोपऱ्यात, कोणाले दिसणार नाही अशी. अन् म्हणूनच माहा हात तिकडं जात नव्हता. रोगावर मीच हात ठेवून बसलो होतो, अन् पेट्रोलले शिव्या देत होतो.

आता बोलाचं होतं ना? सांगा, बोलाचंच होतं. ‘इहीनबाई, म्हातारीले सोडा, मी बांधली’, इतकंच. तोंड उघडलं मी. खरंच उघडलं! अन् आतून काय निघालं? काहीच नाही. नुसता श्वास. हवा जास्त, पेट्रोल कमी.

अन् तेवढ्यात मागून आवाज आला. ‘मामीजी, ते मी बांधली.’ गुड्डी. हातात पाण्याचा लोटा, नजर खाली. ‘नजर लागू नये म्हणून बांधली. मले काय माहीत पाईप खराब होते. शकुमावशीले कायले बोलता?’

मले वाटलं आता इहीनबाई पोरीले सोलतेत. तुम्हाले सांगतो, तसं काही झालं नाही. त्यांनी डोळ्याले पदर लावला! ‘माह्या लेकराच्या गाडीसाठी एवढा जीव तोडलास वो,’ म्हणे, ‘अन् मी तुले ढकलाले लावत होती!’ शकुबाईचा हात धरून तिले स्वतः ओसरीवर बसवलं, पान वाढलं, माफी मागतली. सारं आंगण निवळलं. अन् आमचे पुंडलिकराव, भला माणूस, माह्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत म्हणतात, ‘मिस्त्री, तुम्ही तरी शिकवाचं ना पोरीले. इंजिनात असं काही बांधत नसतात.’

अन् मी म्हणलो, ‘हाव.’ मी म्हणलो, ‘हाव इवाईबुवा, चुकलं तिचं.’

त्या ‘हाव’ची लाज वाटते हो मले. बाकी साऱ्याची वाटते, पण त्या ‘हाव’ची जेवढी वाटते तेवढी कशाचीच नाही. म्हातारी वाचली ते पोरीच्या जिवावर, अन् बाप मिशीले हात लावून बसला. उतरवीन म्हणलो होतो, ते मिशी अजून तोंडावरच आहे.

पुढं काय, पाईपाचा सडका तुकडा कापला, क्लिप आवळली, चावी फिरवली तं इंजिन असं शांत चाललं जसं दूध पिऊन झोपलेलं लेकरू. ब्रेक लोण्यासारखा. कैलाश सामान घेऊन पाळीवरून गेला, मधात ट्रक थांबवून पाहिला, पुन्हा उचलला, एक झटका नाही. अन् मंग सुरू झालं माह्यं कौतुक! ‘आगरबत्तीनं रोग काढला बाप्पा मिस्त्रीनं!’ नाटकाच्या आधी मले स्टेजवर चढवलं. शाल! नारळ! माइकवाला म्हणते, ज्यांच्यामुळं आज पडदा उघडून राहिला ते आपले टिकाराम मिस्त्री, दोन शब्द बोला. मी माइक धरला. म्हणलं आता तरी सांग रे, सारा गाव समोर आहे, सांग. समोर बायांमध्ये गुड्डी बसली होती सासूच्या अंगाले अंग लावून, अन् टाळ्या वाजवून राहिली होती. मनापासून वाजवून राहिली होती! माइकमधून फक्त फूं, फूं असा आवाज गेला. लोक म्हणे, मिस्त्री भरून आले. कायचं भरून? हवा जास्त, पेट्रोल कमी!

निघताना पोरगी फाटकापर्यंत आली. पदराखालून तो तारेचा तुकडा काढला अन् माह्या हातात ठेवला. म्हणलं, ‘गुड्डे, तुले कसं समजलं?’ तं म्हणे, ‘बाबा, माह्या शाळेच्या डब्याची कडी तुटली होती तवा तुम्ही तारेनं अशीच आवळून दिली होती. दोन पीळ उजवीकडं, एक उलटा. साऱ्या दुनियेत असा पीळ कोण मारते?’ अन् वरून काय म्हणे, ‘तुम्ही तिथं काही बोलू नका बाबा. मामीजीनं आज पहिल्यांदा मले जवळ बसवलं. आता तो बिबा माहाच राहू द्या.’

घ्या! म्हणजे आता सांगाची हिंमत केली, तरी सांगता येत नाही. सांगतलं तं पोरीचं मिळालेलं जाते. बोलायच्या वेळी बोललो नाही, अन् बोलायचं झालं तवा पोरीनंच तोंडावर झाकण ठेवलं.

अन् तिकडं इहीनबाईनं साऱ्या पाहुण्यांत सांगून टाकलं, का आमच्या सुनेनं बिबा बांधला होता म्हणून कैलाश पळसाच्या झाडाले अडकला, नाहीतं तलावात गेला असता! पाईप गेली ते नाही सांगत, ब्रेक गेला ते नाही सांगत. अन् तेव्हापासून हे लाइन लागली आहे, तुमच्यासारखी. पाटी वाचतात, हसतात, अन् पेढे पुढं करतात.

उठा. आणा इकडं तो बिबा, घेऊनच आले असाल ना खिशात? हाव, लिंबूही द्या. समोर बांधतो, बंपरले, साऱ्यांले दिसल असा. तार नाही लावत, दोरा लावतो, इंजिनाकडं तं पाहतही नाही. ते पाटी पाहू नका, ते उद्या काढतो. अन् कोणी विचारलं कोणी बांधला, तं म्हणजा... म्हणजा, करडीच्या गुड्डीच्या हातचा आहे. माह्यं नाव कायले सांगता? त्यात हवा जास्त, पेट्रोल कमी.